वाहनतळ बांधलेत, आता बसही द्या

प्रति,
शहर बससेवा चालवणाऱ्या परिवहन संस्थांचे अधिकारी, वाहतूक नियोजनकार आणि या सेवेसाठी निधी मंजूर करणारे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षे मी रोज सकाळी माझी गाडी शहराच्या वेशीवरच्या सार्वजनिक वाहनतळावर लावते आणि तिथून पुढे बसने कामाला जाते. या व्यवस्थेला सगळे 'पार्क अँड राइड' म्हणतात, म्हणून मीही तेच नाव वापरते. ही कल्पना मला पहिल्या दिवशी पटली होती आणि आजही पटते. वस्ती जिथे विरळ आहे तिथे घरोघरी पोहोचेल एवढी बससेवा देणे कोणत्याही संस्थेला परवडत नाही, आणि शहराच्या मध्यभागी येणाऱ्या प्रत्येकाची गाडी उभी करण्याइतकी जागा कोणत्याही शहरापाशी नसते. विरळ भागातला प्रवास गाडीने आणि दाट भागातला बसने, अशी ही साधी वाटणी आहे. इतकी चांगली कल्पना अर्धवट राबवून मग ती लोकांनाच नको आहे असे म्हटले जाते, तेव्हा फार वाईट वाटते. हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण तेच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की ही योजना वाहनतळाची नसून बसची आहे. मात्र तिच्यासाठीचा पैसा, लक्ष आणि कौतुक बहुतेक वेळा वाहनतळाच्या वाट्याला जाते. वाहनतळ डोळ्यांना दिसतो. डांबर पडते, पांढरे पट्टे आखले जातात, उद्घाटन होते आणि खर्च एकदाच करून मोकळे होता येते. बसचा खर्च मात्र रोजचा आहे. डिझेल किंवा वीज, चालकांचे पगार, आगारातली देखभाल हे दरमहा लागतेच, आणि अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की सर्वांत आधी एखादी फेरी कमी होते. वाहनतळ तेवढाच राहतो, त्यावरचा फलक तसाच राहतो, फक्त तिथून निघणारी बस दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटांनी आणि मग अर्ध्या तासाने येऊ लागते.

या एका बदलाने काय होते ते जरा बारकाईने पाहू या. दर १० मिनिटांनी बस असेल, तर वेळापत्रक न बघता आलेल्या माणसाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. दर ३० मिनिटांनी असेल तर सरासरी १५ मिनिटे, आणि नुकतीच बस चुकलेल्याला पूर्ण अर्धा तास. शिवाय थांब्यावर ताटकळलेले एक मिनिट चालत्या बसमध्ये बसून काढलेल्या मिनिटाइतके हलके नसते. वाहतूक नियोजनात ते साधारण दुप्पट जड धरले जाते. पार्क अँड राइडच्या प्रवाशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी इतर बसप्रवाशांच्या बाबतीत नसते. त्याची गाडी त्याच्या डोळ्यांसमोर उभी असते, किल्ली त्याच्या खिशात असते आणि इंजिन अजून गरम असते. बस यायला उशीर झाला तर त्याला कोणाकडे तक्रार करावी लागत नाही; तो निमूटपणे गाडीत बसतो आणि शहराकडे निघतो. असा गेलेला प्रवासी आपल्या कोणत्याही नोंदीत दिसत नाही.

आता आसनांचा हिशेब घ्या. समजा वाहनतळ ४०० गाड्यांचा आहे. गाडी उभी राहायला लागणारी जागा आणि आत-बाहेर करण्याची वाट मिळून एका गाडीमागे किमान २५ चौरस मीटर धरावे लागतात, म्हणजे ४०० गाड्यांसाठी एक हेक्टर जमीन गेली. सकाळच्या दोन तासांत तो भरला आणि दर दहा गाड्यांमागे बारा माणसे आली, तर ४८० प्रवासी झाले. दर १० मिनिटांनी बस सोडली तर त्या दोन तासांत १२ बस निघतात आणि एकेकीच्या वाट्याला ४० माणसे येतात. साध्या शहरी बसमध्ये साधारण तेवढीच आसने असतात. दर २० मिनिटांनी सोडली तर ६ बस आणि प्रत्येकीत ८० माणसे, म्हणजे निम्म्यांना दांडीला धरून उभे राहावे लागणार. प्रत्यक्षात माणसे दोन तासांत सारखी विभागून येत नाहीत, मधल्या अर्ध्या तासात झुंबड असते, त्यामुळे खरी अवस्था याहून वाईट होते. एक हेक्टर जमीन खर्ची घालायची आणि तिथे आलेल्या माणसाला बसायला जागा द्यायची नाही, हा नियोजनातला दोष आहे. वाहनतळाची क्षमता ठरवतानाच बसची क्षमता त्याच कागदावर मांडली गेली पाहिजे.

यावर नेहमीचे उत्तर असते की जास्त फेऱ्यांसाठी जास्त बस लागतात आणि तेवढा पैसा नाही. पैशाची अडचण खरी आहे, हे मी मान्य करते. म्हणूनच माझा सर्वांत जास्त आग्रह बससाठीच्या स्वतंत्र मार्गिकेचा आहे. एका फेरीला जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरच्या विश्रांतीसह, ६० मिनिटे लागत असतील तर दर १० मिनिटांनी बस सोडायला ६ बस लागतात. कोंडीच्या टप्प्यावर बसला स्वतःची मार्गिका मिळाली, चौकातल्या सिग्नलवर तिला आधी वाट मिळाली आणि तीच फेरी ४० मिनिटांत होऊ लागली, तर त्याच दहा मिनिटांच्या सेवेला ४ बस पुरतात. सहाच्या सहा बस रस्त्यावर ठेवल्या तर सुमारे पावणेसात मिनिटांनी बस मिळते, आणि तीही एकही बस विकत न घेता, एकही चालक नव्याने न नेमता. मार्गिकेकडे केवळ वेग वाढवण्याचा उपाय म्हणून पाहिले जाते, पण फेऱ्या वाढवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

प्रवाशाच्या मनावरही तिचा परिणाम होतो. मी बसच्या खिडकीतून बाहेर पाहते आणि शेजारच्या रांगेत माझ्यासारखीच गाडी कोंडीत उभी दिसते. बसही तिच्यासोबत तशीच उभी असेल, तर आपण गाडी का सोडून आलो हा प्रश्न पडतोच. बस पुढे सरकत असेल तर तो पडत नाही. संपूर्ण मार्गभर मार्गिका आखणे शक्य नसेल तर निदान जिथे रोज कोंडी होते ते शे-दोनशे मीटर तरी बसला द्यावेत, आणि त्यात उभ्या केलेल्या गाड्या हटवण्याची जबाबदारी कोणाची हे लेखी ठरवावे. रंगवून सोडून दिलेली मार्गिका महिन्याभरात गाड्या उभ्या करण्याची जागा होऊन बसते.

वेळेवर सुटलेल्या बसही पुढे पाठोपाठ का येतात, याचे उत्तर आपल्याला माहीत आहेच, तरी ते इथे नोंदवते. एका बसला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे साठतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो आणि ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला कमी माणसे मिळतात, म्हणून ती पुढे येऊन तिला गाठते. १९६४ मध्ये न्यूएल आणि पॉट्स या अभ्यासकांनी या साखळीचे गणित मांडले, त्यालाही आता साठ वर्षे उलटून गेली. उपाय अवघड नाहीत. तिकीट बसमध्ये चढण्याआधीच काढलेले असावे, सर्व दारांनी चढता यावे आणि वाहनतळावरून बस सोडताना छापील वेळेकडे पाहण्याऐवजी, तिच्या आधीची बस किती मिनिटांपूर्वी गेली याकडे लक्ष द्यावे. ही सेवा दोन टोकांची आणि मोजक्या थांब्यांची असते, त्यामुळे हे सगळे इतर मार्गांपेक्षा इथे अधिक सहज जमते.

आता परतीच्या प्रवासाबद्दल. सकाळच्या बसवर खूप चर्चा होते, पण माणूस गाडी वेशीवर ठेवायची की नाही हे संध्याकाळच्या बसवरून ठरवतो. एका पावसाळी संध्याकाळी मला कामावरून निघायला उशीर झाला. थांब्यावरच्या कागदानुसार शेवटच्या बसला अजून सात मिनिटे होती. कागद ओला होऊन त्यावरचे आकडे पसरले होते, म्हणून मी मोबाइलच्या उजेडात दोनदा वाचून खात्री करून घेतली. चाळीस मिनिटे थांबल्यावर शेजारच्या दुकानदाराने सांगितले की ती बस आज लवकरच गेली. भाड्याची गाडी करून मी वाहनतळावर पोहोचले, तर फाटकाला साखळी आणि कुलूप होते. आत एका दिव्याखाली माझी एकटीची गाडी उभी होती. रखवालदार भला माणूस होता. शेवटची बस गेली की फाटक लावायचे असा त्याला हुकूम होता आणि किल्ली आणायला त्याला पलीकडच्या चौकीत जावे लागले. तेवढा वेळ मी त्या फाटकापाशी अंधारात एकटी उभी होते. त्यानंतर तीन आठवडे मी गाडी थेट शहरात नेली. कामावर उशिरापर्यंत थांबावे लागेल असे ज्या दिवशी वाटते, त्या दिवशी अजूनही नेते.

दुकानांत काम करणारी, रुग्णालयात पाळी करणारी, संध्याकाळच्या वर्गांना जाणारी माणसे रात्री आठ वाजता मोकळी होत नाहीत. बस संध्याकाळी लवकर बंद झाली की ही सारी माणसे सकाळच्या बसमधूनही वजा होतात. म्हणून शेवटची बस रिकामी धावते असे सांगून ती बंद करू नये. ती रिकामी धावली तरी तिच्या भरवशावर सकाळी आलेली माणसे आधीच्या बसमध्ये बसलेली असतात. मला तीन गोष्टी हव्या आहेत: शेवटची बस छापील वेळेआधी कधीही सुटणार नाही, ती रद्द झाली तर प्रवाशाला वाहनतळापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी संस्थेची राहील, आणि फाटक रात्रभर उघडता येईल असे असेल.

वाहनतळावरच्या सोयींबद्दल फार लांबण लावत नाही, कारण छप्पर, उजेड, स्वच्छ स्वच्छतागृह, बसायला बाक आणि पुढची बस किती मिनिटांत येईल हे दाखवणारा चालू स्थितीतला फलक यांची गरज पटवून द्यावी लागू नये. एकच बाब मुद्दाम सांगते. बसथांबा बऱ्याचदा वाहनतळाच्या एका कडेला, बसला वळायला सोपे जाईल अशा ठिकाणी असतो. मागे एकदा काठी टेकत चालणारे एक वृद्ध गृहस्थ शेवटच्या रांगेतून थांब्याकडे येताना मी पाहिले. रांगांमधून पायी चालायला वेगळी वाट नव्हती, त्यामुळे मागे घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी त्यांना थांबावे लागत होते. ते थांब्यापासून वीस पावलांवर असताना बसचे दार बंद झाले. चालकाची चूक नव्हती, त्याला ते दिसलेच नव्हते. थांबा वाहनतळाच्या मधोमध असता आणि पायी येणाऱ्यांसाठी सरळ, उंचवट्याची वाट असती, तर हे घडले नसते. त्याच वाटेने सायकलवरून येणाऱ्यांना आणि आसपासच्या वस्तीतून चालत येणाऱ्यांनाही बस घेता यावी. या बसमध्ये बसायला गाडी असलीच पाहिजे असा नियम कुठेही नसावा.

तिकिटाचा प्रश्न दिसतो त्याहून नाजूक आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात २०१४ मध्ये अशा वाहनतळांवर १ पौंडाचे शुल्क सुरू झाले. बसचे तिकीट त्यावर वेगळे होते. प्रवासी घटले आणि २०१८ मध्ये ते शुल्क काढून टाकावे लागले. रक्कम लहान होती, पण एकाच प्रवासासाठी दोनदा, दोन ठिकाणी पैसे द्यायचे म्हटले की माणूस मनात हिशेब मांडू लागतो. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये वाहनतळाच्या तिकिटातच गाडीतल्या सर्वांचे ट्रामचे जाण्यायेण्याचे तिकीट येते. म्हणजे चौघांचे कुटुंब गाडीने आले तर त्यांना चार तिकिटांचे ओझे होत नाही. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये वाहनतळाचा सवलतीचा दर अशांनाच मिळतो, जे तिथून पुढे खरोखरच सार्वजनिक वाहनाने शहरात जाऊन येतात. त्यामुळे आसपास काम असलेल्या लोकांनी जागा अडवून ठेवण्याला आळा बसतो. या दोन कल्पना एकत्र केल्या तर तिकिटाचा प्रश्न बराचसा सुटेल.

वेशीवरची सोय कितीही चांगली केली, तरी शहराच्या मध्यभागी गाडी लावणे सोपे आणि स्वस्त राहिले तर लोक पुढेच जाणार, हे मी स्वतःच्या वागण्यावरून सांगू शकते. ज्या ऑक्सफर्डमध्ये १९७३ पासून अशी सेवा अखंड चालू आहे, तिथे ती एकटी आली नव्हती. मध्यभागातील वाहनतळांवर मर्यादा आणि रस्त्यावर बसला प्राधान्य ही धोरणे तिच्या जोडीने आली होती. स्टॉकहोमचा अनुभव तर फारच बोलका आहे. तिथे ऑगस्ट २००५ मध्ये जादा बस सुरू झाल्या, वेशीवरचे वाहनतळही वाढवले गेले, पण रस्त्यावरच्या गाड्या फारशा घटल्या नाहीत; जानेवारी २००६ मध्ये शहरात शिरण्यावर कर लागला तेव्हा त्या सुमारे एक-पंचमांशाने कमी झाल्या. बस आणि कर यांपैकी कोण महत्त्वाचे हा वाद मी इथे घालत नाही. कर लागल्यावर लोकांना वळायला चांगली बस तयार होती, एवढे मला त्यातून दिसते.

सिंगापूरने १९७५ मध्ये याच्या उलट धडा दिला. मध्यभागात शिरायला परवाना सक्तीचा झाला आणि त्या क्षेत्राच्या कडेला हजारो गाड्यांसाठी वाहनतळ आणि जोड-बस ठेवल्या गेल्या. ते वाहनतळ बहुतांशी रिकामे राहिले. लोकांनी घरापासूनच बस धरली, नाहीतर एकाच गाडीत अनेक जण मिळून जाणे पसंत केले. मला यातून असे वाटते, की प्रवास जवळजवळ संपत आल्यावर गाडी सोडून बसमध्ये चढायला कोणी तयार होत नाही. वाहनतळ कोंडी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी असला पाहिजे. स्वस्त जमीन कुठे मिळाली यावरून त्याची जागा ठरवणे योग्य नाही.

या सेवेवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेपही इथे मांडायलाच हवा. ब्रिटनमधील अभ्यासक ग्रॅहम पार्कहर्स्ट यांनी १९९५ मध्ये असा प्रश्न उपस्थित केला होता, की पार्क अँड राइडमुळे गाड्यांची वाहतूक कमी होण्याऐवजी वाढत तर नाही ना? आधी घरापासून थेट बसने येणारा माणूस वेशीवर मोफत जागा आणि जलद बस मिळते म्हणून गाडी काढतो. मग त्याच्या गावावरून जाणारी बस ओस पडते, तिच्या फेऱ्या कमी होतात आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांचे हाल होतात. हा धोका खरा आहे. या आक्षेपामुळे वेशीवरची सेवा बंद करावी असे मी म्हणणार नाही, पण तिच्यासाठी बाहेरगावच्या मार्गांवरची एकही फेरी कमी होता कामा नये, हे मी ठामपणे म्हणेन. शक्य असेल तिथे बाहेरून येणाऱ्या बसच वाहनतळावर थांबवून पुढे शहरात न्याव्यात. मग दोन्ही प्रवाशांची संख्या एकाच बसमध्ये मोजली जाते आणि फेऱ्या वाढवायला आधार मिळतो. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की प्रवासी वाढल्यामुळे फेऱ्या वाढल्या, तर आधीपासूनच्या प्रवाशांचेही थांबणे कमी होते. गाडीवाल्याने बसमध्ये यावे यात बिनगाडीवाल्याचाही फायदा आहे, तो त्याला प्रत्यक्षात मिळू द्यावा.

माझ्या मागण्या एका दिवसात पूर्ण होण्यासारख्या नाहीत, हे मी जाणते. पण काही कामांना पैसा लागत नाही, फक्त निर्णय लागतो. शेवटच्या बसबद्दलची हमी आणि फाटकाचा हुकूम या महिन्यात बदलता येईल. वाहनतळावर किती गाड्या आल्या ही संख्या आपण ठेवताच. त्यासोबत गर्दीच्या वेळी दोन बसमध्ये प्रत्यक्षात किती मिनिटे गेली, किती प्रवासी उभे राहिले आणि किती फेऱ्या रद्द झाल्या हेही दरमहा थांब्यावर लावावे. त्यानंतरच्या अंदाजपत्रकात मार्गिका आणि फेऱ्या यांची तरतूद वाहनतळाच्या विस्ताराच्या आधी यावी. आणि पुढचे वेळापत्रक ठरवायला बसाल तेव्हा त्याच वाहनतळावर गाडी लावून एक आठवडा सकाळ-संध्याकाळ आमच्याबरोबर प्रवास करावा, अशी माझी आपणा सर्वांना मनापासून विनंती आहे. सकाळी पावणेआठच्या बसला मी थांब्यावर असते.

आपली,
वेशीवरच्या वाहनतळावरून रोज बस धरणारी एक प्रवासी